खिडकीतली फुले : वाचकांचे प्रश्न

अचिमेनिस, कोहलेरिया यांसारख्या गड्ड्यापासून येणाऱ्या नाजूक फुलझाडांबद्दल नाशिक शहरातून आणि आसपासच्या गावांतून बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते, म्हणून ती आधीच सांगतो. ही झाडे वर्षातून एकदा झोपतात, आणि झोपायची वेळ झाली की नाही हे मुख्यतः कुंडीतल्या ओलीवरून ठरवतात. कुंडी अवेळी सुकली, तर झाडाच्या दृष्टीने हंगाम संपला.

प्रश्न (गंगापूर रोड) : कुरिअरने अचिमेनिसचे दहा गड्डे मागवले. एकेक जेमतेम नखाएवढा आहे. हे कधी, कशात आणि किती खोल लावायचे? वरची बाजू कोणती, तेही कळत नाही.

वरची-खालची बाजू शोधू नका, गड्डा आडवाच लावायचा असतो. भिंगाखाली धरून पाहा. बाजरीचे नखभर कणीस असावे तसा तो दिसतो, एकावर एक बसलेल्या मांसल खवल्यांचा. त्यातल्या प्रत्येक खवल्याच्या बुडाशी कोंब फुटण्याची क्षमता असते. त्यामुळे कुरिअरमध्ये एखादा गड्डा मोडला असेल तर दोन्ही तुकडे लावा. सुटे पडलेले खवलेही टाकू नका, फक्त त्यांना फुलायला एखादा हंगाम जास्त लागू शकतो.

लावणीसाठी तारखेपेक्षा रात्रीचे तापमान पाहावे. रात्र सलग आठवडाभर 16 अंशांच्या खाली जात नसेल तर लावायला हरकत नाही. नाशिकमध्ये हा काळ साधारण होळीच्या आगेमागे येतो. त्याआधी थंड, ओल्या मिश्रणात गड्डे पुरले तर ते कोंब न काढताच कुजतात. उलट, पाकिटातच टोकाला पांढरट-गुलाबी कोंब दिसू लागला असेल तर मात्र थांबू नका. तो गड्डा आता साठवणीत टिकणार नाही.

कुंडी 5 इंची, प्लॅस्टिकची, तळाला चार-पाच भोके असलेली घ्या. मातीची कुंडी दिसायला छान, पण आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती चारही बाजूंनी ओल उडवते आणि या झाडाला नेमके तेच चालत नाही. मुळे उथळ असतात, त्यामुळे खोल कुंडीचा फायदा काहीच नाही. खालची न वापरलेली ओल तेवढी सडते. एका 5 इंची कुंडीत चार-पाच गड्डे पुरेत, म्हणजे तुमच्या दहांच्या दोन कुंड्या होतील. एकच गड्डा लावला तरी झाड येते, पण कुंडी भरल्यासारखी दिसत नाही.

मिश्रण असे : दोन भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), एक भाग चाळलेले गांडूळ खत. कोकोपीट धुणे टाळू नका. 650 ग्रॅमची वीट साधारण 4 लिटर पाण्यात फुगवा, पिळा, पुन्हा साध्या पाण्यात भिजवून पिळा. त्यातले क्षार गेले नाहीत तर कोवळ्या पानांच्या कडा जळतात आणि दोष खताला दिला जातो. परलाइट मिळत नसेल तर तांदळाच्या तुसाची काजळी चालते. काळी माती चिमूटभरही घालू नका. द्राक्षबागेला मानवणारी ती माती 5 इंची कुंडीत पाणी धरून बसते आणि सुकली की गोळा होऊन कुंडीची कड सोडते.

कुंडी काठापासून एक इंच मोकळी ठेवून भरा, गड्डे एकमेकांपासून दोन बोटे अंतरावर आडवे ठेवा, वर दीड सेंटिमीटर मिश्रण पसरा. मग कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून वरपर्यंत ओल चढू द्या आणि उरलेले पाणी ओतून टाका. कोंब दिसेपर्यंत मिश्रण ओलसर हवे, चिकचिकीत नको. वरून प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी सैल घातली तर रोज पाणी पाहावे लागत नाही, पण कोंब वर आले की ती काढा. 25 अंशांच्या आसपास दोन ते तीन आठवड्यांत कोंब येतात. सगळे एकदम येत नाहीत. एखादा महिनाभर मागे राहतो, म्हणून उकरून पाहण्याची घाई करू नये.

प्रश्न (सिडको) : रोप चांगले वाढत होते. मे महिन्यात तीन दिवस गावी गेलो. परत आलो तेव्हा माती कोरडी ठणठणीत होती. पाणी दिल्यावर पाने ताठ झाली, पण नंतर वाढ थांबली आणि कळ्या गळून पडल्या. आता महिना झाला, भरपूर पाणी देतो आहे, तरी रोप पिवळे पडते आहे. काय करावे?

सर्वात जास्त आलेली तक्रार हीच. तुमचे रोप आजारी नाही, ते झोपायला निघाले आहे. अचिमेनिस मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. तिथे ते पावसाळ्यात वाढते आणि कोरड्या महिन्यांत जमिनीखाली गड्ड्याच्या रूपाने निजून राहते. मुळांभोवतीचे मिश्रण पूर्ण सुकले की ते पावसाळा संपल्याचे समजते आणि सगळी ताकद खाली नवे गड्डे भरण्याकडे वळवते. हा निर्णय एकदा झाला की पाणी देऊन तो सहसा फिरत नाही. उलट तुम्ही देत असलेले भरपूर पाणी, ते पिणारी पानेच कमी झाल्याने, कुंडीत साचते आणि कोवळे गड्डे सडवते.

म्हणून आता पाणी निम्मे करा. बुडातून नवी फूट निघाली तर चांगलेच, मग पुन्हा नेहमीचे पाणी सुरू करा. अशी फूट कधीकधी निघते. दोन-तीन आठवड्यांत काहीच हालचाल दिसली नाही तर पाणी बंद करून कुंडी सावलीत ठेवा. यंदाची फुले गेली, झाड गेले नाही.

पुढच्या वर्षी गावी जाताना कुंडीच्या तळातल्या भोकातून सुती दोऱ्याची किंवा नायलॉनच्या नाडीची वात ओवून तिचे दुसरे टोक पाणी भरलेल्या डब्यात सोडा. कुंडी डब्याच्या झाकणावर बसवायची, पाण्यात नाही. अर्ध्या लिटरच्या डब्यावर 5 इंची कुंडीचे चार-पाच दिवस निभावतात. वात आधी भिजवून घ्या, कोरडी वात पाणी ओढत नाही. हा बंदोबस्त निघायच्या दिवशी न करता दोन दिवस आधी करून वात काम करते की नाही ते पाहावे.

प्रश्न (पाथर्डी फाटा) : आमच्या फ्लॅटला फक्त पश्चिमेची खिडकी आहे, बाहेर बॉक्स ग्रिल आहे. तिथे जमेल का?

जून ते ऑक्टोबर जमेल. मार्च ते मे जमणार नाही, निदान ग्रिलमध्ये तरी. दुपारी तीननंतरचे ऊन पत्र्यावर आणि लोखंडावर पडून तिथली हवा खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापते. अचिमेनिसला 20 ते 28 अंश मानवतात. 35च्या वर गेले की झाड मरत नाही, पण कळ्या मोहरीएवढ्या असतानाच वाळून गळतात.

उन्हाळ्यात कुंडी घराच्या आत, खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा आणि काचेला पांढरा पातळ पडदा लावा. ज्यांच्याकडे पूर्वेची खिडकी आहे त्यांना एवढा खटाटोप नको, सकाळी नऊपर्यंतचे कोवळे ऊन झाडाला चालतेच नव्हे तर हवेच असते. कूलर असलेल्या खोलीत ही झाडे बरी राहतात, कारण हवेत दमटपणा येतो. मात्र झोत थेट पानांवर येऊ देऊ नका. एसीच्या खोलीत हवा कोरडी पडते. तिथे कुंडी खडे आणि थोडे पाणी असलेल्या पसरट ताटात ठेवा, पाण्याची पातळी खड्यांच्या खाली.

पावसाळ्यात ग्रिलमध्ये ठेवायची तर वरच्या मजल्याची पागोळी कुंडीत पडत नाही ना, एवढे बघा.

प्रश्न (इंदिरानगर) : पानांवर तपकिरी, वेडेवाकडे डाग पडले आहेत. कीड दिसत नाही. बुरशीनाशक फवारले, उपयोग झाला नाही. नेटवर कोणी लिहिले आहे की या झाडाला गरम पाणी द्यावे लागते.

उपयोग होणार नव्हताच, कारण ही बुरशी नाही. या कुळातल्या झाडांच्या, म्हणजे आफ्रिकन व्हायोलेट, ग्लॉक्सिनिया, अचिमेनिस यांच्या पानांवर पानापेक्षा बऱ्याच थंड पाण्याचे थेंब पडले की पृष्ठभागाखालच्या पेशी मरतात आणि थेंब जिथे जिथे थांबला तिथे डाग उठतो. पाणी बर्फासारखे असायला लागत नाही. पान आणि पाणी यांच्यात आठ-दहा अंशांचा फरक पुरे. एप्रिलमध्ये उन्हाने तापलेल्या पानावर माठातले किंवा फिल्टरमधले गार पाणी शिंपडले की हे हमखास होते. झालेले डाग जात नाहीत, नवी पाने स्वच्छ येतील.

गरम पाण्याची गोष्ट अर्धवट कानावर आली आहे. इंग्रजीत या झाडाला ‘गरम पाण्याचे रोप’ असे एक जुने नाव आहे, पण म्हणून कोणी कढत पाणी घालू नये. पाणी खोलीच्या तापमानाचे हवे. आदल्या रात्री बादलीत काढून ठेवलेले पाणी सर्वात सोयीचे. ते पानांवर न घालता मिश्रणावर किंवा खालून ताटलीत द्या.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, गंगापूर धरणाचे महापालिकेचे पाणी या झाडांना चालते. बोअरच्या जड पाण्याने मात्र दोन-तीन महिन्यांत कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरते आणि शेंड्याची पाने फिकी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ज्या सोसायटीत बोअरच आहे, तिथे पावसाचे पाणी साठवा किंवा एसीतून टपकणारे पाणी खोलीच्या तापमानाला आल्यावर वापरा. आरओच्या फिल्टरमधून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी वाढलेले असतात, ते मुळीच नको.

प्रश्न (मखमलाबाद) : रोपे दीड फूट उंच झाली, लोळतात, पण फूल एकही नाही. आमच्याकडे द्राक्षबागेचे 0:52:34 खत (आकडे क्रमाने नत्र, स्फुरद, पालाश यांचे) पडून असते, ते द्यावे का?

नाशिकच्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खते मिळतात हे आपल्याकडच्या खिडकी-बागायतदारांचे भाग्य, आणि थोडे दुर्दैवही. फूल नाही की स्फुरद घाला, ही बागेतली सवय कुंडीत आणू नका. तुमच्या वर्णनावरून कमी पडतो आहे तो उजेड. दोन पानांच्या जोड्यांमधले अंतर मोजा. ते पानाच्या लांबीपेक्षा जास्त असेल तर झाड उजेड शोधत उंच चालले आहे. कुंडी खिडकीजवळ सरकवा. सकाळच्या वेळी हात धरल्यावर कुंडीवर त्याची अस्पष्ट का होईना सावली पडायला हवी.

दुसरे म्हणजे शेंडा खुडणे राहून गेलेले दिसते. तीन जोड्या पाने झाली की वरचा शेंडा नखाने खुडायचा. त्यामुळे प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी निघते, झाड बुटके राहते आणि फुले येण्याच्या जागा वाढतात. फुले पानांच्या बगलेतच येतात, त्यामुळे फांद्या जितक्या जास्त तितकी फुले. खुडल्याने बहर दोन-तीन आठवडे लांबतो, तो लांबू द्यावा. तुमच्या दीड फुटी रोपांचे शेंडे आत्ताही चार इंच कापता येतील. कापलेले शेंडे खालची जोडी काढून ओल्या कोकोपीटमध्ये खोवले तर दोन आठवड्यांत मुळे धरतात. लोळणाऱ्या जातींना काठ्या लावत बसण्यापेक्षा टांगती कुंडी द्या, काही जाती मुळातच लोंबणाऱ्या असतात.

खताचे प्रमाण : 19:19:19 अर्धा ग्रॅम एक लिटरला, आठवड्यातून एकदा, चौथी जोडी आल्यानंतर. चहाचा सपाट चमचा साधारण 5 ग्रॅमचा धरला तर पाव चमचा अडीच लिटरला झाला. मिश्रण आधी ओले असतानाच खताचे पाणी द्यावे. कळ्या दिसू लागल्यावर एका आठवड्याला 19:19:19 आणि दुसऱ्याला 13:0:45 त्याच प्रमाणात आलटून पालटून दिले तरी पुरते. बागेच्या मात्रेने दिलेत तर मुळे जळतील. आणि एक किलोची पिशवी एका खिडकीला कित्येक वर्षे पुरते, तेव्हा ती चार घरांत वाटून घ्या.

सगळे ठीक असेल तर लावणीपासून तीन-साडेतीन महिन्यांत पहिले फूल येते. एक फूल जेमतेम काही दिवस टिकते, पण मागून येतच राहतात.

प्रश्न (देवळाली) : फुलांच्या पाकळ्यांवर पिवळी पूड सांडल्यासारखी दिसते, कळ्या वाकड्या उघडतात.

फुलकिडे. तीच पूड म्हणजे परागकण, आतून खाताना त्यांनी सांडलेले. कोऱ्या पांढऱ्या कागदावर फूल झटका, मिलिमीटरभर लांबीचे बारीक किडे पळताना दिसतील. औषध शोधण्याआधी सगळी फुले आणि सगळ्या कळ्या, हो, न उघडलेल्यासुद्धा, तोडून पिशवीत बांधून टाका, आणि तीन आठवडे येणारी प्रत्येक कळी तोडत राहा. फुलकिड्यांचा मुक्काम तिथेच असतो, आणि मधल्या काळात मातीत दडलेल्या कोशांतून बाहेर पडणाऱ्यांना फूल सापडायला नको. शेजारी कुंडीच्या उंचीवर एक निळा चिकट सापळा लावा. कडुनिंबाचे तेल या केसाळ पानांवर डाग पाडते, त्यामुळे आधी एका पानावर चार दिवस पाहिल्याशिवाय झाडभर फवारू नये, आणि उन्हात तर नाहीच.

पानाच्या बगलेत कापसासारखे पुंजके असतील तर ते पिठ्या ढेकूण. कानात घालायच्या कापूसकाडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपून काढा.

प्रश्न (नाशिक रोड) : दिवाळीनंतर पाने वाळायला लागली. पाणी चालू ठेवायचे का? हिवाळ्यात गड्डे काढून ठेवावेत की कुंडीतच?

चालू ठेवू नका, पण एकदम तोडूही नका. ऑक्टोबरअखेर फुले कमी होतात. तिथून पुढे तीन आठवडे पाण्याचे अंतर वाढवत न्या. याच काळात खाली गड्डे भरतात, आणि पाणी एका दिवसात बंद केले तर ते बारीक राहतात. खतही दसऱ्यानंतर नको. पाने-दांडे वाळून काड्या झाले की मातीसपाट कापा.

कापण्याआधी दांड्यांवर एक नजर टाका. पानांच्या बगलेत पाव इंचाचे खवलेदार, हिरवट-तपकिरी कोंबासारखे काही लागलेले दिसेल. तेही गड्डेच आहेत, हवेत धरलेले. ते तोडून ठेवा आणि पुढच्या मोसमात अर्धा सेंटिमीटर खोल लावा. अनेक जण हे वाळल्या दांड्यांबरोबर कचऱ्यात टाकतात.

ठेवण्याचे म्हणाल तर नवख्यांनी कुंडीतच ठेवावेत. कोरडी कुंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा, वर जातीचे नाव आणि रंग लिहिलेली चिठ्ठी डकवा. माळ्यावर नको, कारण फेब्रुवारीनंतर स्लॅब तापतो आणि गड्डे वेळेआधी उठतात. खिडकीतही नको. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा 10च्या खाली बऱ्याचदा जातो, निफाडकडे तर आणखी खाली, आणि तेवढा गारवा गड्ड्यांना सोसत नाही. 12 ते 18 अंश उत्तम. फ्रिज तर विसराच.

जागा नसेल किंवा जाती वाटायच्या असतील तर कुंडी वर्तमानपत्रावर उलटी करून हाताने चाळा. एका गड्ड्याचे सहज पाच-सहा झालेले असतात. मऊ, काळे पडलेले टाका. पांढरी भुकटी चिकटलेले दिसले तर तो मातीतला पिठ्या ढेकूण असतो. असे गड्डे वेगळे ठेवून कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि जुने मिश्रण फेकून द्या. बाकीचे जवळजवळ कोरड्या कोकोपीटमध्ये घालून दोन-तीन भोके पाडलेल्या पिशवीत ठेवा. अगदी लहान गड्डे पूर्ण कोरड्यात सुरकुततात, म्हणून महिन्यातून एकदा पाहून चार थेंब पाणी शिंपडायला हरकत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून दर आठवड्याला पाहावे.

प्रश्न (सातपूर) : अचिमेनिस जमले. याच पद्धतीने आणखी काय लावता येईल? आणि ऑनलाइन मिळणारे निळ्या अचिमेनिसचे बी घ्यावे का?

बी घेऊ नका. नावाच्या जाती संकरित असतात, बियांपासून तशाच येत नाहीत. बी धुळीसारखे बारीक असते, आणि पाकिटात ते खरोखर अचिमेनिसचेच आहे याची खात्री कशी करणार? गड्डेच घ्या, तेही डिसेंबर ते मार्च, झोपलेले असताना.

पुढची पायरी म्हणून कोहलेरिया घ्यावी. तिचे गड्डे मोठे, फुले नळीसारखी, ठिपकेदार, आणि पाणी चालू ठेवले तर ती हिवाळ्यातही पूर्ण झोपत नाही. एखाद्या वेळी सुकली तरी अचिमेनिसइतकी रुसत नाही, त्यामुळे आमच्या मते नवख्याने खरे तर हिच्यापासूनच सुरुवात करावी. स्मिथियान्था मखमली पानांची, घंटांसारख्या फुलांची, पण पाण्याबाबत हळवी. 5 इंची कुंडीत एक-दोनच गड्डे लावावेत, आणि मुळाशी ओल साचली की ती बुडातून सडते. रेक्स बेगोनियाचे आडवे खोड मातीवर ठेवायचे, पुरायचे नाही, आणि ती फुलांसाठी नव्हे तर पानांसाठी. ग्लॉक्सिनियाचा कंद चपटा असतो, त्याची खोलगट बाजू वर ठेवून माथा जेमतेम झाकावा.

प्रश्न (पंचवटी) : कळलावीचा कंदही असाच खिडकीत लावता येतो का? घरात दोन वर्षांचे मूल आहे.

लावता येतो, तीही पावसाळ्यात फुलते आणि हिवाळ्यात झोपते. पण तिचा सगळा भाग, विशेषतः कंद, अतिशय विषारी आहे. त्यात कोल्चिसीन असते. मूल मोठे होईपर्यंत ती घरात आणू नका, आणि कंद बटाटे-रताळ्यांजवळ तर कधीच ठेवू नका.